न लिहिलेल्या वाक्याचा शोध



पदव्युत्तर व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी अनेक देशांत दिल्या जाणाऱ्या जीमॅट या परीक्षेत भाषिक तर्काचा विभाग 45 मिनिटांचा असतो आणि त्यात 23 प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला पुरती दोन मिनिटेही येत नाहीत. यांपैकी काही प्रश्न दीर्घ उताऱ्यांवरील असतात. उरलेल्यांना विद्यार्थ्यांच्या बोलीत 'क्रिटिकल रीझनिंग' म्हणतात. चार-पाच ओळींचा मजकूर, त्याखाली एक प्रश्न आणि पाच पर्याय, असे त्यांचे स्वरूप असते. मजकुरात एखादी कंपनी, एखादी नगरपालिका किंवा एखादा संशोधक काही माहिती देऊन त्यावरून एक निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष कशावर उभा आहे, कशाने बळकट होईल, कशाने डळमळेल, हे विद्यार्थ्याने सांगायचे असते. येथे गणिताचे सूत्र लागत नाही, व्याकरणाचा नियम पाठ असावा लागत नाही, सामान्यज्ञानाचीही कसोटी नसते. तरीही अनेक बुद्धिमान विद्यार्थी नेमके याच ठिकाणी अडखळतात.

या अडखळण्याला एक ठरावीक वळण असते. विद्यार्थी प्रश्नसंग्रह आणतो, घड्याळ लावून रोज तीस-चाळीस प्रश्न सोडवतो, शेवटी उत्तरसूची पाहतो, बरोबर किती आणि चूक किती याची बेरीज करतो आणि पुढच्या संचाकडे वळतो. महिन्याअखेरीस वहीत आठशे-हजार प्रश्नांची नोंद होते. परंतु बरोबर उत्तरांचे प्रमाण पहिल्या आठवड्यात होते तेथेच राहते. मग तो स्वतःपुरता निर्णय करून टाकतो : 'आपले इंग्रजी कच्चे आहे', 'ही बुद्धी जन्मजात असावी लागते', 'हे क्षेत्र आपले नव्हे'. ज्याने जिल्ह्याच्या ठिकाणी मातृभाषेतून शिक्षण घेतले, ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच आहे, ज्याने पगारातून बाजूला काढलेल्या पैशातून परीक्षेचे शुल्क भरले आहे, त्याच्यासाठी हा निर्णय फार महाग ठरतो. परीक्षेत बसण्यापूर्वीच तो स्पर्धेतून बाहेर पडतो.

गंमत अशी की, हा निर्णय हाच क्रिटिकल रीझनिंगचा एक उत्तम प्रश्न आहे. माहिती अशी : हजार प्रश्न सोडवले, प्रगती झाली नाही. निष्कर्ष असा : क्षमता नाही. या दोहोंच्या मध्ये एक वाक्य आहे, ते कोणी लिहिलेले नाही आणि उच्चारलेलेही नाही : 'प्रश्न सोडवणे म्हणजेच सराव करणे.' ते वाक्य खरे असेल तरच निष्कर्ष टिकतो. ते खरे आहे काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

परीक्षा नेमके काय तपासते?

जीमॅट ही परीक्षा 1954 मध्ये प्रथम घेण्यात आली. अनेक दशकांत तिचे स्वरूप वेळोवेळी बदलले. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात वाक्यदुरुस्तीचे प्रश्न वगळण्यात आले आणि निबंधही वगळला गेला. परिणामी भाषिक विभागात केवळ उताऱ्यांचे आकलन आणि युक्तिवादाची चिकित्सा हेच दोन प्रकार उरले. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एलसॅट परीक्षेतही ऑगस्ट 2024 पासून बैठकव्यवस्थेसारखी कोडी असलेला विभाग गेला आणि युक्तिवादाच्या प्रश्नांचे वजन वाढले. भारतातही हाच प्रवाह दिसतो. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या कॅट परीक्षेत उताऱ्यांवरील प्रश्नांतून 'लेखकाचे म्हणणे कोणत्या विधानाने कमकुवत होते' असे विचारले जाते. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय संस्थेतर्फे होणाऱ्या झॅट परीक्षेत असे प्रश्न नियमित असतात, आणि महाराष्ट्राच्या एमबीए सामाईक प्रवेश परीक्षेतील तर्काच्या भागातही विधान-निष्कर्ष, विधान-गृहीतक हे प्रकार परिचित आहेत.

या सर्व प्रश्नांचा सांगाडा एकच असतो. प्रत्येक युक्तिवादात एक किंवा अधिक आधारविधाने असतात; ती खरी मानूनच पुढे जायचे असते. एक निष्कर्ष असतो; त्याच्यावर शंका घेण्याची मुभा असते. आणि या दोहोंना जोडणारे, पण मजकुरात न आलेले गृहीतक असते. गृहीतक ओळखा, निष्कर्ष बळकट करा, निष्कर्ष कमकुवत करा, कोणती माहिती मिळाल्यास निर्णय करता येईल ते सांगा, युक्तिवादातील दोष दाखवा : प्रश्नाचे शब्द वेगवेगळे असले तरी बोट एकाच जागेवर ठेवायचे असते. ती जागा म्हणजे ते न लिहिलेले वाक्य.

एक उदाहरण घेऊ. 'एका जिल्ह्यात ठिबक सिंचनासाठी अनुदान वाढवण्यात आले. ठिबक पद्धतीत त्याच पिकाला प्रवाही सिंचनापेक्षा कमी पाणी लागते. दोन वर्षांत जिल्ह्यातील ठिबकखालील क्षेत्र दुप्पट झाले. त्यामुळे जिल्ह्यातील भूजलाचा एकूण उपसा कमी होईल.' या युक्तिवादाचे गृहीतक कोणते? पर्याय असे आहेत. पहिला : ठिबक सिंचन हा भूजल वाचवण्याचा एकमेव मार्ग आहे. दुसरा : ठिबकमुळे पिकाचे उत्पादन वाढते. तिसरा : वाचलेल्या पाण्यावर शेतकरी नवी जमीन ओलिताखाली आणणार नाहीत किंवा अधिक पाण्याची पिके घेणार नाहीत. चौथा : शेजारच्या जिल्ह्यांतही ठिबकसाठी अनुदान मिळते. पाचवा : अनुदान नसते तर एकाही शेतकऱ्याने ठिबक संच बसवला नसता.

घाईत वाचणाऱ्याला पहिला पर्याय भारदस्त वाटतो, दुसरा ओळखीचा वाटतो, पाचवा तर्कशुद्ध वाटतो. परंतु एकमेव मार्ग असण्याची या युक्तिवादाला गरजच नाही. दहा मार्ग असले तरी हा एक मार्ग उपयोगी पडू शकतो. उत्पादन वाढणे ही चांगली गोष्ट असली तरी उपशाशी तिचा येथे संबंध नाही. शेजारच्या जिल्ह्यांत काय चालते, हा या निष्कर्षाचा विषयच नाही. पाचवा पर्याय ठिबकचे क्षेत्र का वाढले याबद्दल बोलतो; ते वाढले एवढे तर मजकुरानेच दिलेले आहे. राहिला तिसरा. तो उलटा करून पाहावा : वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी जमीन भिजवू लागले, तर? दर एकरी पाणी कमी लागले तरी एकूण उपसा तेवढाच राहील, कदाचित वाढेलही. पर्याय उलटा करताच निष्कर्ष कोसळला, म्हणजेच तो पर्याय निष्कर्षाचा खरा खांब होता. गृहीतक ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची रीत आहे.

जलसंधारणाच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांना आणि अधिकाऱ्यांना हा प्रश्न परीक्षेतील वाटणार नाही. एकरी पाण्याची बचत आणि गावाच्या पाण्याची बचत यांत अंतर असते, हे अनेक गावांनी अनुभवलेले आहे. परीक्षेतील चार ओळी आणि शासकीय प्रस्तावातील चार पाने यांचा सांगाडा असा एकच असतो.

कावळा आणि फांदी

युक्तिवादातील सर्वांत नेहमीचा दोष मराठी माणसाला म्हणीतून ठाऊक आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. परीक्षेतील 'निष्कर्ष कमकुवत करा' या प्रकारातील पुष्कळसे प्रश्न या एका म्हणीभोवती फिरतात.

मात्र म्हण तोंडपाठ असणे वेगळे आणि ती वापरता येणे वेगळे. जननी सुरक्षा योजना एप्रिल 2005 मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2005-06 मध्ये 38.7 टक्के होते, ते 2015-16 मध्ये 78.9 टक्के आणि 2019-21 मध्ये 88.6 टक्के झाले. योजनेमुळेच ही वाढ झाली, असा निष्कर्ष कोणी काढला तर चिकित्सक विद्यार्थ्याने काय म्हणावे? 'हे खोटे आहे' असे म्हणणे ही चिकित्सा नव्हे. याच काळात आणखी काय बदलले, हा पहिला प्रश्न. ग्रामीण रस्ते झाले, रुग्णवाहिका सेवा वाढली, आशा कार्यकर्त्या गावोगावी पोहोचल्या, मुलींचे शिक्षण वाढले. यांपैकी प्रत्येक गोष्ट ही पर्यायी कारण असू शकते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा : कोणता पुरावा मिळाला तर योजनेचा वाटा मान्य करता येईल? संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण कमी असलेल्या राज्यांत ग्रामीण मातेसाठी साहाय्याची रक्कम 1400 रुपये ठेवण्यात आली, तर इतर राज्यांत 700 रुपये. इतर परिस्थिती सारखी असताना जेथे साहाय्य अधिक तेथे वाढही अधिक, असे दिसले तर निष्कर्ष बळकट होतो. उलट, साहाय्यास पात्र नसलेल्या कुटुंबांतही वाढ तितक्याच वेगाने झालेली दिसली तर तो कमकुवत होतो. एखाद्या दाव्याला विरोध करणे किंवा मान डोलावणे, या दोन्हींपेक्षा 'काय पाहिले असता या दाव्याचा निकाल लागेल' हे सांगता येणे ही वरची पायरी आहे. परीक्षेतील 'कोणती माहिती सर्वाधिक उपयुक्त ठरेल' हा प्रश्न नेमका हेच विचारतो.

शितावरून भाताची परीक्षा

दुसरी म्हण नमुन्यासंबंधी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, परंतु केव्हा? सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजला असेल तेव्हा. शीत भांड्याच्या कडेचे असेल आणि मधला भात कच्चा असेल तर परीक्षा फसते. सर्वेक्षणांवर आधारलेल्या प्रत्येक प्रश्नात हेच विचारावे लागते : हे शीत साऱ्या भाताचे प्रतिनिधी आहे काय? आणि जे मोजले तेच सिद्ध करायचे होते काय?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे देशपातळीवरील आकडे नोव्हेंबर 2021 मध्ये आले, तेव्हा दर हजार पुरुषांमागे 1020 स्त्रिया या आकड्याची मोठी चर्चा झाली. 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण 943 होते. त्यावरून 'मुलींविषयीचा भेदभाव संपला' असा निष्कर्ष काढणे कितपत योग्य? हे सर्वेक्षण सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबांत झाले. जनगणना साऱ्या लोकसंख्येची असते. सर्वेक्षणात घरात असलेल्यांची नोंद होते. लष्करी बराकी, वसतिगृहे, कामगारांच्या सामूहिक निवासाच्या जागा त्यात येत नाहीत, आणि कामासाठी घर सोडून गेलेल्यांत पुरुषांची संख्या मोठी असते. शिवाय स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असल्याने एकूण प्रमाण वाढू शकते. भेदभाव तपासायचा असेल तर जन्माच्या वेळचे प्रमाण पाहावे लागेल. त्याच सर्वेक्षणानुसार मागील पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांत ते दर हजार मुलांमागे 929 मुली असे होते. निसर्गतः हे प्रमाण सुमारे 950 असते. आधीच्या सर्वेक्षणातील 919 वरून ते 929 झाले, ही सुधारणा आहे. समस्या संपल्याची खूण नव्हे. एकाच अहवालात दोन्ही आकडे आहेत. कोणता आकडा कोणत्या निष्कर्षाला आधार देतो, हे ओळखणे हीच चिकित्सा.

याच जातीचे एक उदाहरण पदव्युत्तर प्रवेशांच्याच इतिहासात आहे. 1973 च्या शरद सत्रात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात पदव्युत्तर प्रवेशासाठी सुमारे 8400 पुरुषांनी आणि 4300 स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे 44 टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्के. भेदभावाचा संशय स्वाभाविक होता. परंतु विभागवार आकडे पाहिले असता बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल दिसला नाही. काही ठिकाणी तो किंचित त्यांच्या बाजूनेच होता. असे कसे? ज्या विभागांत मुळातच थोड्या अर्जदारांना प्रवेश मिळतो, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक प्रमाणात गेले होते. हे विश्लेषण 1975 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परीक्षेत 'पुढीलपैकी कोणते विधान या विसंगतीचा उलगडा करते' असे विचारले जाते तेव्हा असेच उत्तर अपेक्षित असते : दोन्ही विधाने खरी ठेवून त्यांना एकत्र नांदवणारे तिसरे विधान. अर्थात, स्त्रियांचे अर्ज त्याच विभागांकडे का गेले, हा पुढचा आणि समाजाच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न उरतोच. चांगले उत्तर बहुधा पुढचा प्रश्न जन्माला घालते.

धूर, अग्नी आणि ओले सरपण

निष्कर्ष ओळखण्याच्या प्रश्नांत विद्यार्थी वेगळ्याच कारणाने चुकतात. येथे 'संभाव्य' आणि 'अपरिहार्य' यांत फरक करावा लागतो. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत 2015 पासून दुसऱ्या पेपरात किमान 33 टक्के गुण मिळवणे पात्रतेसाठी आवश्यक आहे. यावरून पूर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक उमेदवाराला दुसऱ्या पेपरात किमान 33 टक्के गुण आहेत, हा निष्कर्ष अपरिहार्य आहे. परंतु ज्याला 33 टक्के मिळाले तो उत्तीर्ण झाला, हा निष्कर्ष चूक आहे. कारण गुणवत्ता पहिल्या पेपरावर ठरते. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतील हा फरक लक्षात न आल्याने असंख्य गुण जातात.

भारतीय न्यायदर्शनाने या फरकाचा अतिशय बारकाईने विचार केला आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान सर्वपरिचित आहे. पण उलट अनुमान, म्हणजे अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे नैयायिकांनी सदोष ठरवले. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. या आड दडलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' असे नाव दिले. आजचा विद्यार्थी युक्तिवादात जे न लिहिलेले वाक्य शोधतो, त्याचे हे जवळचे नातलग आहे. ज्या देशात हेत्वाभासांचे वर्गीकरण शतकानुशतके अभ्यासले गेले, तेथील विद्यार्थ्याने ही विद्या परकी मानण्याचे कारण नाही.

सराव कसा असावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रश्न सोडवणे म्हणजे सराव नव्हे, तर सराव म्हणजे काय?

पहिली गोष्ट, आरंभीचे काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवावे. दिवसाला दहा-बारा प्रश्न पुरेत. मजकूर वाचून झाल्यावर पर्याय झाकून ठेवावेत आणि निष्कर्ष कोणता, आधार कोणता, मधले वाक्य कोणते, हे आपल्या शब्दांत लिहावे. ते मातृभाषेत लिहिले तरी चालेल, किंबहुना प्रारंभी तसेच लिहावे. भाषेची अडचण आणि विचाराची अडचण या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या वेगळ्या केल्याखेरीज कोणत्या अडचणीवर उपाय करायचा हे कळत नाही. मराठीत लिहिताना मधले वाक्य सापडले आणि इंग्रजी पर्यायांत ते ओळखता आले नाही, तर दोष भाषेचा आहे. मराठीतही सापडले नाही, तर शब्दकोश चाळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, इंग्रजीची भीती मोठ्या शब्दांमुळे वाटत असली तरी गुण जातात ते लहान शब्दांमुळे. 'सम' म्हणजे काही, म्हणजे किमान एक. त्यात 'सर्व' ही शक्यता नाकारलेली नसते. 'मोस्ट' म्हणजे निम्म्याहून अधिक. 'ओन्ली इफ' आवश्यक अट सांगते, पुरेशी नव्हे. 'अनलेस' आले की वाक्य 'जर तसे झाले नाही तर' असे फोडून पाहावे. अशा वीस-पंचवीस शब्दांची पक्की ओळख ही हजार अवघड शब्दांच्या पाठांतरापेक्षा अधिक फलदायी ठरते.

तिसरी गोष्ट, बरोबर उत्तराचे कारण एक असते, चूक पर्यायांची कारणे चार असतात, आणि खरे शिक्षण या चारांत असते. प्रत्येक पर्याय का नाकारला, हे एका ओळीत लिहावे : विषयाबाहेरचा, अतिरेकी, उलट दिशेचा, दिलेलीच माहिती पुन्हा सांगणारा, तुलना चुकवणारा. उत्तर बरोबर आले पण कारण चुकीचे होते, तर त्या प्रश्नाची नोंद चूक म्हणूनच करावी. ही शिस्त कठोर वाटते. परंतु योगायोगाने मिळालेले गुण परीक्षेच्या दिवशी सोबत येत नाहीत.

चौथी गोष्ट म्हणजे चुकांची वही. कोणत्या प्रकारचा प्रश्न चुकला, कोणता पर्याय भुलवून गेला, त्याक्षणी मनात काय विचार होता, आणि तो कोठे घसरला, एवढ्या चारच नोंदी असाव्यात. पंधरा दिवसांनी तीच वही उघडून तेच प्रश्न नव्याने सोडवावेत. पन्नास-साठ नोंदींनंतर बहुतेकांना दिसते की चुका पुष्कळ असल्या तरी त्यांची कारणे तीन-चारच आहेत. कोणाला टोकाची विधाने भुलवतात, कोणी टक्केवारी आणि संख्या यांची गल्लत करतो, कोणी स्वतःची बाहेरची माहिती मजकुरात मिसळतो. शेवटचा दोष हुशार विद्यार्थ्यांत विशेष आढळतो.

पाचवी गोष्ट, अभ्यासाला सोबती असावा. दोघांनी एकच प्रश्न सोडवावा. एकाने आपले उत्तर सिद्ध करावे, दुसऱ्याने ते खोडून पाहावे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी होणारी ती वितंडा. सरावाला वाद हवा. महागडा शिकवणी वर्ग ज्याला परवडत नाही, त्यालाही तालुक्याच्या ग्रंथालयात एक समानशील सोबती आणि रोजचे वृत्तपत्र मिळू शकते. अग्रलेख वाचावा, त्याचा निष्कर्ष अधोरेखित करावा आणि लेखकाने काय गृहीत धरले ते समासात लिहावे. ज्या लेखाशी मन सहमत आहे, त्याच्या बाबतीत हे करणे अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक उपयोगी आहे.

घड्याळ यानंतर यावे. रीत अंगवळणी पडली की वेग आपोआप वाढू लागतो; मग संपूर्ण विभाग 45 मिनिटांत सोडवण्याचा सराव करावा. एखाद्या प्रश्नावर तीन मिनिटे गेली तर त्याचा मोह सोडून पुढे जाणे, हाही एक तर्कशुद्ध निर्णयच असतो.

परीक्षेपलीकडे

प्रवेश परीक्षा एका दिवसात संपते. त्यानंतर याच विद्यार्थ्यांपैकी कोणी बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासतील, कोणी जिल्हा परिषदेत योजनांचे मूल्यमापन करतील, कोणी रुग्णालय चालवतील, कोणी स्वतःचा उद्योग उभारतील. तेथे पाच पर्याय छापून मिळत नाहीत. 'शाळेत संगणक आले, निकाल वाढला' हे वाक्य समोर आले की मधले वाक्य कोणी दाखवून देत नाही. ते स्वतःच विचारावे लागते. न विचारता मंजूर झालेल्या प्रस्तावाची किंमत गुणांत मोजली जात नाही, ती लोकांच्या पैशांत आणि आयुष्यांत मोजली जाते.

भारतीय राज्यघटनेत 1976 मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही पाठांतराऐवजी चिकित्सक विचारावर भर दिला आहे. ही वचने वर्गात उतरायला वेळ लागेल. परंतु परीक्षेच्या निमित्ताने का होईना, एखादा तरुण रोज तासभर बसून 'हे कशावरून?' असे स्वतःला विचारू लागतो, तेव्हा त्या कर्तव्याचा एक छोटासा भाग पार पडत असतो.

आणि ज्या विद्यार्थ्याने हजार प्रश्नांनंतर 'हे आपल्याला जमणार नाही' असे ठरवले होते, त्याने तो निर्णय आता पुन्हा एकदा कागदावर मांडावा. आधारविधान खरे आहे; हजार प्रश्न सोडवले गेले, प्रगती झाली नाही. पण मधले वाक्य टिकत नाही. म्हणून निष्कर्षही टिकत नाही. वही नवी घ्यावी, पहिल्या पानावर पहिला प्रश्न लिहावा आणि पर्याय झाकून ठेवावेत.